वावरातून वाट नाही

ताई गेली, आणि तेरावं व्हायच्या आत तिच्या पुस्तकाचं काय करायचं हे ठरवायला माणसं घरी आली. नलूताई, माझी थोरली बहीण. मंगरूळपीरच्या शाळेत तिनं भूगोल शिकवला आणि सुट्ट्या सगळ्या पाठीवर सॅक टाकून वाशीम जिल्ह्यातल्या मालेगाव, मेडशीकडच्या टेकड्या पालथ्या घालण्यात घालवल्या. त्यातून खिशात मावेल एवढं पायवाटांचं पुस्तक झालं. ते आता बाजारात नाही, तरी मागणारे थांबत नाहीत. ताईनं लग्न केलं नाही, त्यामुळे पुस्तकाचे हक्क माझ्याकडे आले, आणि म्हणून पुण्याचे प्रकाशक माझ्याकडे. सोबत एका ट्रेकिंग ग्रुपचा म्होरक्या. दोघं माना खाली घालून म्हणाले, "नवी आवृत्ती हीच खरी श्रद्धांजली ठरेल." मी तोंड उघडलं असतं तर सुतकाच्या घरात शिवी गेली असती.

कारण ही आवृत्ती ताईनं जिवंतपणी धुडकावली होती. अकोल्याच्या दवाखान्यात, हाताला सलाईन असताना, तिनं या नव्या आवृत्तीची कच्ची छापील पानं पाहिली. ग्रुपच्या पोरांनी तिच्या सगळ्या वाटा मोबाईलवर नव्यानं नोंदवून आणल्या होत्या आणि तिचा निम्मा मजकूर काढून टाकला होता. तिला श्वास पुरत नव्हता, पण रागाला पुरला.

"बापू, हे पोट्टे कधी चालले रे?"

"उन्हाळ्यात, म्हणतात."

"मंग! उलंगवाडी झाल्यावर सारं वावरच रस्ता असते. त्यायले वाटलं हीच वाट. पावसाळ्यात लोक कुठून जातीन?"

आमच्याकडे शेवटचं पीक घरात आलं की उलंगवाडी होते. काट्यांची कुंपणं निघतात, ढोरं मोकळी सुटतात, माणसंही जवळचा रस्ता म्हणून कुणाच्याही वावरातून सरळ जातात. कुणी हटकत नाही. पेरणी झाली की तीच माणसं मुकाट्यानं धुऱ्यावर येतात, दोन शेतांमधल्या बांधावर. हे आमच्याकडे शिकवावं लागत नाही, आणि बाहेरून आलेल्याला सांगितल्याशिवाय कळत नाही. ताई म्हणूनच प्रत्येक वाट दोनदा चालायची, एकदा उन्हाळ्यात आणि एकदा पीक उभं असताना, आणि धुऱ्याचाच रस्ता लिहायची. ग्रुपच्या पोरांनी उघड्या वावरांतून तिरप्या रेघा ओढल्या आणि वर म्हणाले, ताईंची वाट लांबची होती, आम्ही सोपी केली.

वाशीमला कुठले आले डोंगर, असं विचारणाऱ्यांचा तिला जितका राग यायचा, तितकाच या 'सोप्या'चाही. घरात तिनं जुन्या गाइडबुकांचं एक कपाट भरून ठेवलं होतं. नागपूरला, पुण्याला गेली की रद्दीच्या दुकानात तासन्‌तास बसायची आणि हिमालयापासून सह्याद्रीपर्यंतची, शिवण उसवलेली, पावसात फुगलेली पुस्तकं घेऊन यायची. त्यातल्या बस बंद झालेल्या, धर्मशाळा पडलेल्या. मी चिडवायचो, ही पंचांगं आता कशाला? ती म्हणायची, "अरे, यात माणूस पुढं चालून राह्यलाय. तो इथं चुकला, इथं त्याचे पाय दुखले, इथल्या म्हातारीनं त्याले पाणी पाजलं. नकाशा काय, कुठंही भेटते." तिचं पुस्तकही तसंच होतं. लोकांनी ते भाकरीसोबत बांधलं, पावसात प्लास्टिकमध्ये गुंडाळलं, आणि विहीर आटली तर तिला फोन करून भांडले. भांडणाऱ्यांवर ती खूश असायची. तीही पुस्तकात वाचणाऱ्याला चक्क रागवायची. मेडशीच्या पानावर तिनं लिहिलंय, "येथे वाट नाही. दिसत असेल, तर तुम्ही कुणाच्यातरी वावरात उभे आहात. मागे फिरा." हे वाक्य नव्या आवृत्तीतून उडवलं होतं. सूर नकारात्मक आहे, म्हणे.

मी सही दिली नाही, विचार करतो म्हणालो. त्यांनी वाट कसली पाहायची... श्रावणात मेडशीचा सखाराम दारात उभा. ताई त्याच्याकडे हक्कानं जेवायची, आजारपणात तो दोनदा भेटून गेलेला. आत यायला तयार नाही.

"भाऊ, बाईनं असं काहून केलं?"

"काय केलं?"

"माह्या वावरातून रस्ता काढला. सोयाबीन फुलावर आलं अन् शहरातले पोट्टे ओळीनं तुडवून राह्यले. हटकलं त मलेच मोबाईल दाखवते. त्याच्यावर बाईचा फोटो. हार घातलेला."

मला आधी कळेचना. मग त्यानं खिशातला मोबाईल काढून स्क्रीनशॉट दाखवला. ग्रुपनं त्या तिरप्या रेघा मोबाईलवर सगळ्यांसाठी खुल्या केल्या होत्या आणि वर लिहिलं होतं, 'नलिनीताईंच्या स्मृतीस अर्पण'. जिनं उभ्या आयुष्यात कुणाच्या पिकात पाऊल टाकलं नाही, तिच्या नावानं पीक तुडवलं जात होतं. आणि मेडशीचा माणूस ते तिनंच केलं असं समजत होता. ती खुलासा करायला येणार नव्हती. माणूस मेल्यावर त्याच्या तोंडी काहीही घालायला लोक मोकळे असतात, हे मी तोपर्यंत नुसतं ऐकून होतो.

मी कपाटातून तिचं पुस्तक काढलं आणि सखारामाबरोबर त्याच दिवशी एसटीनं मेडशीला गेलो. त्याच्या धुऱ्यावर उभं राहून मेडशीचं ते पान मोठ्यानं वाचलं. शेजारच्या वावरातून निंदणाऱ्या बायाही आल्या. सखारामानं सगळं ऐकून घेतलं. "हे बाईचं बोलणं हाय," तो म्हणाला. "ते मोबाईलातलं नोय." मग पुस्तकावर बोट ठेवून, "छापा हे. येनारे येतीनच. धुऱ्यानं येऊ द्या."

संध्याकाळी प्रकाशकांना फोन करून सांगितलं, ताईचं पुस्तक छापायचं असेल तर जसं आहे तसं, रागासकट. नाहीतर नाही. ते म्हणाले, "आपण सध्या भावनेच्या भरात आहात." होय, आहे. बहीण गेलीय माझी. ग्रुपच्या म्होरक्यालाही फोन करून, मोबाईलवरून ताईचा फोटो उतरवला नाहीत तर पोलिसांत जाईन, असं सुनावलं. दोन दिवसांत फोटो आणि नाव निघालं. रेघा आहेत तिथंच आहेत. त्यांच्यावर माझा काही हक्क चालत नाही.

वाशीममधल्या एका झेरॉक्सवाल्याकडे मी मूळ पुस्तक देऊन ठेवलंय. पोरं येतात, प्रती काढून नेतात. पुणेकरांना जे नकारात्मक वाटलं तेच पान ती एकमेकांना वाचून दाखवतात, असं तो सांगतो. आणि रविवारी मी मेडशीला जातो. माझे गुडघे ताईसारखे नाहीत, टेकडी मला चढवत नाही. मी आपला सखारामाच्या धुऱ्यावर उभा राहतो आणि मोबाईलमध्ये डोकं घालून येणाऱ्यांवर ओरडतो. गेल्या रविवारी एक पोरगा सोयाबीनमध्ये शिरता शिरता थबकला. चांगल्या घरचा, बूट नवे कोरे. जरा घुश्शातच म्हणाला, "काका, हे शेत तुमचं आहे का?"

"नाही," मी म्हणालो. "मागे फिर."