पदवीच्या जेवणाचं बोलावणं

आरमोरीच्या आसपास गेल्या वीस-पंचवीस वर्षांत जी माणसं एकमेकांकडे लग्नाला, बारशाला, साक्षगंधाला गेली, ती सगळी माझ्या थोरल्या साडभाऊंनी, म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्यानं, बोलावली म्हणून गेली, असं माझं ठाम मत आहे. यजमान कोणी का असेना, शब्द यांचे. दिवसभर एका राईस मिलमध्ये दिवाणजीची नोकरी आणि संध्याकाळी माझ्या छापखान्यात येऊन, पंख्याखालची खुर्ची धरून, लोकांच्या पत्रिकांचा मजकूर सांगणं, हा त्यांचा अनेक वर्षांचा नेम. या कामाबद्दल त्यांनी कोणाचा चहासुद्धा घेतला नाही. चहा घेतला की माणूस समोरच्याला आवडेल तेच लिहितो, असं त्यांचं म्हणणं होतं.

पत्रिका म्हणजे दिलेला शब्द, अशी त्यांची समजूत होती, आणि ती त्यांनी कधी सैल केली नाही. इतर लोक पत्रिकेत तारीख आणि मुहूर्त तपासतात. साडभाऊ यजमानाची दानत तपासत. एकदा एका गृहस्थांनी मुलाच्या लग्नासाठी ‘सहकुटुंब सहपरिवार’ असं लिहायला सांगितलं. साडभाऊंनी शांतपणे विचारलं, तांदूळ किती शिजवणार? त्यांनी आकडा सांगितला. साडभाऊंनी डोळे मिटून हिशेब केला आणि म्हणाले, “एवढ्या तांदळात कुटुंब येईल. परिवार नाई येत.” आणि ‘सहपरिवार’वर काट मारली. गृहस्थ रागावून निघून गेले; दुसऱ्या दिवशी परत आले ते तांदूळ वाढवूनच. पत्रिकेच्या तळाशी घरातल्या लेकरांच्या नावानं जी एक लाडिक ओळ असते, तीही ते स्वतः रचत नसत. लेकरांना दुकानात बोलावून विचारत, तुमचं काय म्हणणं आहे? एका पाच वर्षांच्या पोरानं म्हणणं सांगितलं की जिलबी आहे, पण पहिले आम्ही घेऊ. ते तसंच छापलं गेलं, आणि वराकडच्या मंडळींनी त्याचा अर्थ लावण्यात दोन दिवस घालवले. दुसऱ्या छापखान्यातून आलेली पत्रिका त्यांच्या हाती पडली की ते लाल शाईनं ऱ्हस्व-दीर्घ सुधारत आणि ती सुधारलेली पत्रिका आहेराच्या पाकिटात घालून परत देत. एका वधूपित्यानं भर मांडवात ते पाकीट उघडलं. त्यानंतर पाच वर्षं त्या घराचं आणि साडभाऊंच्या घराचं बोलणं नव्हतं. साडभाऊंना त्याचं वाईट वाटलं, पण ‘आशिर्वाद’ असं छापलेलं पाहून गप्प बसणं त्यांच्यानं होणार नव्हतं.

असा हा माणूस अडला तो एका पदवीच्या जेवणापाशी.

धान कापणीचे दिवस होते. जवळच्याच एका खेड्यातून एक बाप आणि त्याची मुलगी दुकानात आली. बाप तलावात जाळं टाकून मासे धरणारा, अगदी कमी बोलणारा. मुलगी नर्सिंगची पदवी घेऊन नुकतीच नागपूरहून परतलेली. त्या गावातून इतकं शिकलेली पहिलीच. गावाला जेवण द्यायचं ठरलं होतं आणि बापाला रीतसर पत्रिका हवी होती. साडभाऊ खूश झाले, पण लगेच गंभीरही. लग्नाचा, बारशाचा, तेरवीचा मजकूर कसा असतो हे त्यांना ठाऊक. पदवीचा आजवर कोणी मागितलाच नव्हता. ‘पदवीदान’ म्हणावं तर ते विद्यापीठानं आधीच करून टाकलेलं. ‘सोहळा’ म्हणावं तर घरासमोर मांडव एकच. शेवटी ‘पदवीप्राप्तिप्रीत्यर्थ स्नेहभोजन’ असं त्यांनी सांगितलं, मी टाइप केलं, आणि बापानं ते शब्द देवळात ऐकावे तसे ऐकले.

मग खाली ‘विनीत’ म्हणून नावं घालायची वेळ आली. बापानं स्वतःचं नाव सांगितलं, पाठोपाठ दोन भावांची. मुलीनं त्याला थांबवलं. ती म्हणाली की काकांची नावं नकोत. तिथं गावातल्या चार बायांची नावं टाका. तिनं नावं सांगितली. त्यातली एकही त्यांच्या नात्यातली नव्हती.

दोघांच्या बोलण्यातून हळूहळू सगळं कळलं. मुलगी शाळेत असताना तिची आई या चौघींबरोबर विडीची तेंदूपानं तोडायला जंगलात गेली होती. तिथं वाघानं तिला नेलं. त्यानंतर मुलीची वेणी घालणं, तिच्या पोटाचं पाहणं, बाप तलावावर असताना तिला आपल्या घरी निजवणं, हे या चौघींनी आळीपाळीनं केलं. ती नागपूरला शिकायला गेली तेव्हा एसटीत बसवून द्यायलाही याच आल्या होत्या. काकांनी मात्र तिचं शिक्षण सोडवून लग्न लावायचा धोशा धरला होता.

बापाची मोठीच पंचाईत झाली. नाव नसलं तर भाऊ जेवायला यायचे नाहीत, आणि भावांशिवाय जेवण म्हणजे गावात शोभा. साडभाऊंनीही आधी त्याचीच बाजू घेतली. बोलावणं घरधन्याचं असतं, परक्या बायांचं नाव कोणत्या नात्यानं टाकायचं, असं ते म्हणाले. मुलीनं वाद घातला नाही. ती एवढंच म्हणाली की मग पत्रिका राहू द्या. आणि दोघं उठली.

साडभाऊंना त्या रात्री जेवण गेलं नाही, असं माझ्या मेहुणीनं सांगितलं. सकाळी ते माझ्याकडे आले आणि मोटरसायकल काढायला लावली. ज्यांचं नाव टाकायचं त्यांना विचारल्याशिवाय ते कधीच टाकत नसत, म्हणून आम्ही त्या गावी गेलो. चौघी एकाच बांधीत धान कापत होत्या. साडभाऊ पांढऱ्या पायजम्यासकट धुऱ्यावर, बांधाच्या मातीतच बसले आणि त्यांनी सगळी हकिकत सांगितली. बायांनी विळे खाली ठेवले. त्यांना आनंद होईल असं मला वाटलं होतं, पण त्या एकमेकींकडे पाहीनात. मग त्यांच्यातली सगळ्यात वयस्क बाई म्हणाली, “आमचं नाव नोको टाकू, भाऊ. आमी पराल्या होतो त्या दिवशी.”

तिनं मग सांगितलं. झुडपातून आवाज आला, मुलीची आई ओरडली, आणि या चौघी हातातली पानं टाकून पळाल्या त्या गावाच्या वेशीपर्यंत थांबल्या नाहीत. मागं वळून कोणी पाहिलं नाही. माणसं काठ्या घेऊन गेली तोवर सगळं संपलं होतं. “तिच्या पोरीची वेनी घालताना मायच दिसे तिची आमाले,” ती म्हणाली. “तिले हे सांगाची हिंमत नाई झाली. आता पत्रिकेत नाव कोनत्या तोंडानं लिवाव?”

साडभाऊ धुऱ्यावरून उठले. आम्ही तसेच मुलीच्या घरी गेलो. ती अंगणात भांडी घासत होती, बाप ओसरीवर जाळं दुरुस्त करत बसला होता. जे ऐकलं ते तिला सांगावं की नाही, हे साडभाऊंना ठरवता येईना. शेवटी त्यांनी सांगितलंच, अगदी सावकाश, मजकूर सांगावा तसं.

मुलीनं हात धुतले आणि पदराला पुसावेत तसे ओढणीला पुसले. “मले माहीत हाय, भाऊ,” ती म्हणाली. “लहानपनापासून माहीत हाय. त्या पराल्या म्हनून तं उरल्या. उरल्या म्हनून मी शिकली. नाई तं मले कोन पाहनार होतं?”

बापाच्या हातातली सुई थांबली होती. ती त्यानं जाळ्यात खोचून ठेवली. मग म्हणाला, “भावायले मी सांगतो. येतीन तं येतीन.”

मुलगी तशीच उठून बांधीकडे गेली. तिथं त्यांचं काय बोलणं झालं ते आम्हाला कळलं नाही. आम्ही ओसरीवर थांबलो होतो. पुष्कळ वेळानं ती परत आली, डोळे सुजलेले होते, आणि म्हणाली की नावं टाका.

परतल्यावर साडभाऊंनी आधीचा मजकूर पुसायला लावला. ‘पदवीप्राप्तिप्रीत्यर्थ’ गेलं, ‘स्नेहभोजन’ गेलं. त्यांनी नवा सांगितला तो एवढाच: “आमची मुलगी शिकली, नर्स झाली. तिची आई असती तर तिनंच तुम्हाला बोलावलं असतं. ती नाही, म्हणून आम्ही बोलावतो. जेवायला या.” खाली बापाचं नाव आणि त्या चौघींची. मी टाइप करत होतो आणि ते खिडकीकडे तोंड करून उभे होते.

जेवणाला एक काका आला, दुसरा आला नाही. त्या चौघी मांडवाच्या कडेला उभ्या राहिल्या होत्या. मुलीनं हात धरून त्यांना पहिल्या पंगतीत बसवलं. वयस्क बाई पानाला हात लावेना. मुलगी तिच्याशेजारी बसून राहिली, स्वतःचं पान न वाढून घेता. साडभाऊ आयुष्यात कोणाच्या पंगतीत वाढायला उठले नव्हते. त्या दिवशी ते भाताचं भांडं घेऊन फिरत होते, आणि नको म्हणणाऱ्यालाही वाढत होते.

येताना मोटरसायकलवर मागे बसून ते कपड्यांवरची भाताची शितं झटकत होते. मग म्हणाले, “काऊन रे, आपण आजवर किती बायकांची नावं ‘समस्त परिवारा’त टाकून दिली असतीन?”

त्याला आता काही वर्षं झाली. मुलगी गडचिरोलीला नोकरीला आहे. लोक आता पत्रिका मोबाइलवर तयार करतात, दुकानात येणारे थोडेच. साडभाऊंना डोळ्यांनी कमी दिसतं, लाल शाई सुटली. पण कोणी मजकूर सांगायला आलंच, तर ते आधी विचारतात, घरात बाया कोण कोण आहेत? त्यांची नावं सांगा. आलेला माणूस गोंधळतो. आईचं सांगतो, बायकोचं सांगतो आणि मग अडतो. कोणाला काकूचं नाव आठवत नाही, कोणाला मोठ्या वहिनीचं. इतकी वर्षं नुसतं काकू आणि वहिनीच म्हटलेलं असतं. घरी जाऊन विचारून येतो, असं म्हणून तो उठतो. तोवर साडभाऊ पंख्याखाली, मांडीवर हात ठेवून, त्याची वाट पाहत बसून राहतात.