गाडीतली काळी माती
आज पंपावर डिझेल भरताना वास नाकात गेला आणि आमच्या जुन्या गाडीचा मागचा गालिचा आठवला. उजनी धरणाकाठच्या आमच्या पाणी उपसायच्या इंजिनासाठी वडील गाडीतूनच डिझेलचा कॅन न्यायचे. झाकण हरवलेलं, तोंडाला चिंधीचा बोळा. एका खड्ड्यात कॅन आडवा झाला आणि निम्मं डिझेल गालिच्यात मुरलं. चौथ्या दिवशी बहिणीला जेऊर स्टेशनवरून बाळंतपणासाठी आणायचं होतं. सातवा महिना लागला तरी तिच्या उलट्या थांबल्या नव्हत्या. कुठल्याही उग्र वासानं पोटात ढवळायचं. मी साबणानं घासलं, लिंबू चोळलं, शेवटी मोगऱ्याच्या अत्तराची कुपी टांगली, तर मलाच गरगरायला लागलं. वडिलांनी अत्तर काढून टाकलं आणि वाळलेली काळी माती चाळून गालिच्यावर पसरली. मी चिडलो. ते म्हणाले, "तेल मातीच वढती. इंजिन खोलल्यावर हात कशानं धुतू आपण?" दोन दिवस दारं उघडी टाकून गाडी उन्हात ठेवली, मग त्यांनीच माती झाडून काढली. स्टेशनवर बहीण मागं बसली तेव्हा आम्ही दोघं वळून तिच्या तोंडाकडं बघायला लागलो. "दादा, मातीचा वास येतोय की! लई बरं वाटतंय," ती म्हणाली, आणि आईनं पाठवलेला डबा उघडून भाकरी-चटणी खाऊ लागली. गाडी मी चालवत होतो; शेजारी बसलेल्या वडिलांनी मधला आरसा स्वतःकडं वळवला, ती जेवताना दिसावी म्हणून. मला मागचा रस्ता दिसेना, तरी घर येईपर्यंत मी तो सरळ केला नाही. आता वडील नाहीत, गाडीही दुसरी. शेजारचं सीट रिकामं, आणि आरसा माझ्याकडंच वळलेला.