ज्या वैशाखात घर तापलं नाही

उंदीर पडले की गाव सोडायचं, हे आमच्या लहानपणी कुणाला शिकवावं लागत नसे. गाठीचा रोग माणसांत यायच्या आधी घरातले उंदीर बाहेर येत, प्यायल्यासारखे झोकांड्या खात आणि भर अंगणात पाय झाडून मरत. मग आम्ही घरांवरची कवेलं उतरवायचो, दारं सताड उघडी टाकायचो आणि शेतात छपरं घालून राहायचो. पुढचं काम उन्हाचं. उघड्या घरात ऊन उतरायचं, भुई भाजायची, भिंती भाजायच्या आणि रोग मरायचा, अशी सगळ्यांची खात्री. घर नीट भाजलं की नाही याची परीक्षाही ठरलेली होती. भर दुपारी घरच्या कर्त्या माणसानं जोडे काढून माजघरात अनवाणी उभं राहायचं. पाय उचलावा लागला की घर झालं. त्याच दिवशी सामान आत.

मी पहिल्यांदाच बाप होणार होतो त्या वर्षी ऊन आलंच नाही.

वैशाख लागला तरी सकाळी घोंगडी सुटेना. आभाळ राखुंडी फासल्यासारखं. सूर्य दिसे, पण ताटलीसारखा. त्याच्याकडे सरळ बघता येई. मधूनच भलत्या दिशेचा वारा सुटून पावसाचा शिडकावा होई. बाबा रोज दुपारी गावात जात, माजघरात उभे राहत आणि परत येऊन म्हणत, "देवळात उभं राह्यल्यावानी वाटते." छपरांत मात्र मधूनमधून कुणाला तरी गाठ येतच होती. दर वर्षी चैत्र सरता सरता थांबणारा रोग थांबायचं नाव घेईना.

मग शेतातल्या विहिरीपाशी कारणांचा बाजार भरला. बाबांचं म्हणणं, महिनेच पुढं-मागं झाले. अधिक महिना कुठंतरी धरायचा राहून गेला. आमच्या घराला भिंत लागून ज्यांचं घर आणि घाणा, ते तेलीकाका म्हणत, सायबाच्या माणसांनी जमीन मोजायला साखळ्या ओढल्या आणि जागोजागी खुंट्या ठोकल्या, त्या भोकांतून धरतीची ऊब निघून गेली. बांगड्या भरणारी आणि अर्ध्या गावाची बाळंतपणं केलेली म्हातारी खाला म्हणे, "गुनाह इतने हुए, सूरज ने बी मुँह फेर लिया."

मी मराठी शाळेची शेवटची परीक्षा पास. म्हणजे आमच्या शेतात तरी सर्वज्ञ. रिसोडच्या बाजारातून गूळ बांधून आलेल्या वर्तमानपत्राच्या तुकड्यावर मी वाचलं होतं की सूर्यावर डाग पडतात. झालं. कंदिलाच्या फुटक्या काचेवर मी दिव्याची काजळी धरली आणि सगळ्यांना रांगेत उभं केलं.

"दिसला डाग? हा पाहा, मधोमध. यानंच ऊन खाल्लं."

एकेक जण काच डोळ्याला लावी आणि गंभीर होई. बायकांनी तर हात जोडले. तेलीकाकांनी मात्र काच उलटसुलट करून पाहिली. काच फिरवली की डागही फिरे. काचेतला बुडबुडाच होता तो.

"बाबू," ते म्हणाले, "सुर्व्या तुह्या हातातच आहे म्हन की! मंग थोडा तापव ना त्याले. कायले आमाले थंडीनं मारून राह्यला?"

सगळी विहीर हसली. पुढं खूप वर्षांनी वाशीमला एका मास्तरांनी मला सांगितलं की दूर समुद्रापलीकडे एखादा डोंगर फुटला तर त्याची राख आभाळात चढते आणि मुलखामुलखाचं ऊन मंदावतं. असेलही. माझ्या बुडबुड्यापेक्षा बरं कारण होतं ते. पण तेव्हा मी फक्त चिडलो, आणि 'थोडा तापव ना त्याले' हे वाक्य डोक्यात घेऊन छपरात आलो.

छपरात बायको बसली होती. तिचे दिवस भरत आले होते. छप्पर एका कोपऱ्यात गळत होतं आणि तिथं तिनं घमेलं ठेवलं होतं.

"तुमचा डाग गेला का पुसून?" ती म्हणाली. विहिरीवरची बातमी माझ्या आधी पोचली होती.

मी घमेल्यातलं पाणी बाहेर ओतलं.

"मले घरी न्या," ती हळूच म्हणाली. "पहिली खेप आहे. इथं कुडातून सारं शेत दिसते. रात्री कोल्हे येतात. चार भिंतीच्या आत तरी होऊ द्या. मामंजीले सांगा."

मामंजींना, म्हणजे माझ्या बाबांना, सांगून उपयोग नव्हता. आई नव्हती, असती तर तिनं सांगितलं असतं. बाबांचा पाय भाजल्याशिवाय सून त्या घरात जाणार नव्हती. तेव्हा प्रश्न सोपा होता. बाबांचा पाय भाजायला हवा.

दुसऱ्या दिवशी बाबांच्या आधी मी गावात गेलो. माजघराच्या भुईवर तुराट्या आणि गोवऱ्या पसरून पेटवल्या. वर कवेलं नव्हती, त्यामुळे धूर सरळ आभाळात. विस्तव भिंतीच्या कडेनंही सरकवला, म्हणजे भिंतीला हात लावला तरी खात्री पटावी. मग सगळी राख घमेल्यानं परसात टाकली, खराट्यानं भुई झाडली, वर शेणकाल्याचा हात फिरवला. तो पडता पडता वाळला. एवढं मन लावून मी आयुष्यात दुसरं काम केलेलं नाही.

बाबा आले. जोडे काढले. आत पाय ठेवला आणि चटकन उचलला. पुन्हा ठेवला, पुन्हा उचलला. त्यांच्या चेहऱ्यावर असं हसू मी उंदीर पडल्यापासून पाहिलं नव्हतं.

"अरे, तापलं की रे! आज तापलं!" ते एका पायावर उभे राहून मला सांगत होते. "जाय, सुनेले घेऊन ये. गाडी जुंप."

मी वळलो आणि तेवढ्यात भिंतीच्या बुडाशी माती खसखसली. ऊब लागलेल्या बिळातून एक उंदीर बाहेर आला. पळाला नाही. डुलत डुलत भुईच्या मध्यापर्यंत आला, बाबांच्या टाचेपासून हातभर अंतरावर कलंडला आणि पाय झाडून पडला. त्याच्यामागून दुसरा आला. तो उंबऱ्यापर्यंतही पोचला नाही.

बाबांचे दोन्ही पाय आता भुईवर होते. भाजत असणार, त्यांनी उचलले नाहीत. त्यांनी भिंतीकडे पाहिलं. खालच्या हातभर भिंतीवर काजळी चढली होती. ती झाडायची माझ्या लक्षातच राहिली नव्हती.

"कायनं तापवलं?"

"तुराट्यानं," मी म्हणालो. "अन् गोवऱ्या."

"काहून?"

"तिले घरी यायचं होतं."

त्यांनी मारलं असतं तर बरं झालं असतं. ते नुसते बाहेर आले, जोडे हातात घेऊन. ओट्यावर आल्यावर त्यांना घाण्याची कुरकुर ऐकू आली, मलाही. पलीकडून. आमच्याच भिंतीच्या पलीकडून.

"कोन आहे रे तिकडं?" बाबा ओरडले.

"मीच, भौ!" तेलीकाकांचा आवाज आला. "कालपासून इथंच आहो. घाना बंद पडून कसं चालन? अन् आज तं तुमच्याकडची भिंत बी तापून राह्यली. म्हटलं, चला, आलं एकदाचं ऊन!"

बाबांनी त्यांना हात धरून बाहेर ओढलं. घाण्याचा बैल सोडायलाही थांबू दिलं नाही. तो मी सोडला. तेलीकाका वाटेनं मला म्हणाले, "बाबू, तू तं खरंच तापवला रे सुर्व्या!" आणि हसले. सांजेला त्यांना ताप भरला. मग काखेत गाठ आली.

त्यांचं छप्पर नाल्यापलीकडे दूर नेऊन घातलं होतं. आम्ही धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, बघायचो, पलीकडे जायचो नाही.

बायकोच्या कळा त्याच दिवसांत सुरू झाल्या, त्याच गळक्या छपरात. खाला आली, तिनं मला हाकललं आणि भर दुपारी मुलगा झाला. मी बाहेर पोत्यावर बसलो होतो. आभाळ तसंच राखुंडीचं, वारा गार. खाला हात पुसत बाहेर आली.

"रो मत, बेटा," ती म्हणाली. मी रडत होतो हे मला तिच्याकडून कळलं. "हर साल जैसी धूप रहती तो इस छप्पर में बच्चा भाकर के सरीका सिक जाता. ये ठंडी भली निकली तेरे वास्ते."

मला तेव्हा नाल्यापलीकडे तिरडी बांधायला लोक जमताना दिसत होते. तिलाही दिसत होते. ती वळून आत गेली.

पहिला पाऊस होऊन गेल्यावर तेलीण आमच्या धुऱ्यापाशी आली. तिथंच थांबली. हातात तेलाचं लहान मडकं होतं. ते तिनं जमिनीवर ठेवलं आणि मागं सरकून उभी राहिली.

"यायनं त्या दिशी काढलेलं," ती म्हणाली. "तुमच्या बाळंतिणीसाठीच घाना जुंपला होता. म्हने, पहिलं लेकरू आहे, ताज्या तेलानं चोळा. घ्यायचं असन तं घ्या, नाई तं वता मातीत. माहं काई म्हननं नाई."

बाबा पुढं झाले आणि त्यांनी मडकं उचललं. छपरात नेऊन ठेवलं. मी तिथंच उभा होतो, आणि तेलीण माझ्याकडे बघत होती. टोमणा नव्हता तिच्या बघण्यात. काच फिरवून माझा डाग उघडा पाडणारा माणूस तिचाच होता, तरी टोमणा नव्हता.

"तुमी शिकलेले आहा," ती म्हणाली. "एवढं सांगा मले. काहून नाई आलं ऊन यंदा?"

मी तोंड उघडलं. सूर्यावरचा डाग, अधिक महिना, साखळ्या, खुंट्या, सगळं तोंडाशी होतं. आत छपरात खाला तेल कोमट करत होती. त्याचा वास धुऱ्यापर्यंत येत होता. शेवटी तेलीण पदर डोक्यावर घेऊन नाल्याकडे चालू लागली.