बर्फाचं खातं

समस्त मराठी बंधुभगिनींना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, अमेरिकेतल्या वेस्ट विंडसर आणि आसपासच्या मराठी माणसांच्या इतिहासात सलग तीन वर्षं बर्फाचं खातं आमच्या घराण्याकडे होतं. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. गणपतीला बर्फ आमचा. दिवाळीला बर्फ आमचा. संक्रांतीलाही आमचाच. बाहेर गुडघाभर बर्फ साचलेला, आणि आम्ही दुकानातून बर्फाच्या दोन पिशव्या विकत घेऊन चर्चच्या तळघरातल्या हॉलकडे निघालेलो. हसा. मीही हसते. हसून झालं की पुढचं वाचा.

खातं कसं मिळालं ते सांगते.

मी दहा वर्षांची होते. आम्ही नागपूरहून नुकतेच आलो होतो. इथल्या मराठी मंडळाची पद्धत अशी की प्रत्येक घराने एक पदार्थ करून आणायचा, झाकणावर आडनावाची चिठ्ठी चिकटवायची आणि लांब टेबलावर मांडायचा. आमचा पहिला गणपती, म्हणून आईने पाटवडीचा रस्सा केला. मसाला नागपूरहून आणलेला, जपून ठेवलेला. दारात मंडळाच्या सेक्रेटरी काकू उभ्या होत्या. त्यांनी चिठ्ठी वाचली.

"नागपूरचे का? नागपुरात कुठले?"

आईने वस्तीचं नाव सांगितलं.

"हो का," काकू म्हणाल्या. "तिकडे ठेवा हं. मागे."

आमची जात कळायला त्यांना तेवढं पुरलं. पातेलं पेपर टॉवेलच्या गठ्ठ्यामागे गेलं. सगळे जेवले. आमचं झाकण कुणी उचललं नाही. निघताना काकू म्हणाल्या, "अगं बाई, उरलं? दिसलंच नाही बघा कुणाला!" आईने तेच पातेलं मांडीवर धरून घरापर्यंत आणलं. गाडीभर रश्श्याचा वास.

दिवाळीच्या आधी काकूंचा फोन आला. "तुम्ही नोकरी करता, कशाला स्वयंपाकाची दगदग? तुम्ही आपला बर्फ आणा."

बर्फ शिजवावा लागत नाही. बर्फाला कुणाचा हात लागत नाही. बर्फ बंद पिशवीत येतो. काकूंनी विचार करून शोधलेला पदार्थ होता तो, मानलं पाहिजे.

आई हॉस्पिटलात नर्स होती. काकूंच्या यजमानांचं ऑपरेशन झालं तेव्हा तीन दिवस आईनेच त्यांचं सलाइन बघितलं, अंग पुसलं. तेव्हा तिचा हात चालला. त्याच हातचा रस्सा मात्र नाही.

काकूंची मुलगी माझ्या वर्गात होती. तिला लपवाछपवी शिकवायची राहून गेली असावी. एकदा स्कूलबसमध्ये चिप्स खाता खाता सरळ म्हणाली, "मॉम सेज वी डोन्ट ईट यूअर फूड." मी घरी येऊन सांगितलं. बाबा म्हणाले, "बर्फ तर बर्फ. आपण इथे भांडायला आलो नाही." आईने गॅस बारीक केला.

आता माझा माणूस येतो. त्याचं नाव लिहीत नाही. या गोष्टीत नावं कुणाचीच नाहीत, त्यालाही वेगळी वागणूक नको. तो बेसबॉलचा खेळाडू, काळा, तेव्हा निवृत्त झालेला. त्याने आपली जीवनकहाणी लिहिली होती. मला बेसबॉलचं वेड. मी गावच्या लायब्ररीतून ते पुस्तक आणलं आणि त्यात मला एक चमत्कार दिसला. शेवटच्या भागात, जिथे तो निर्णायक होमरन मारतो आणि सगळं स्टेडियम उभं राहतं, ती पानं बोटांनी काळी पडली होती. कुणी कोकाकोला सांडलेला, कुणी रेघा ओढलेल्या. चाहत्यांनी नुसतं प्रेम केलं होतं त्या पानांवर. आणि सुरुवातीची काही पानं? कोरी करकरीत. माझ्याआधी कुणी थांबलंच नव्हतं तिथे.

त्या पानांवर एक बस होती. अमेरिकेच्या दक्षिणेतली गावं, जिथे काळ्यांना खानावळीत बसू देत नसत. टीम खानावळीत जेवायला उतरायची, हा बसमध्ये बसायचा. कुणीतरी कागदी पिशवीतून गार सँडविच आणून द्यायचं. दोन वर्षं त्याने ते खाल्लं, थँक्यूसुद्धा म्हटलं. एक दिवस तो उतरला. आत गेला, खुर्चीवर बसला आणि म्हणाला, "मला गरम हवंय." दिलं नाही. तो उठला नाही. सगळी टीम ताटकळली, टीमचा मॅनेजर ओरडला. शेवटी उपाशीच बसमध्ये चढला. पण कागदी पिशवी त्यानंतर त्याने कधी हातात घेतली नाही.

ते पान मी अकरा वेळा वाचलं. बोटं मुद्दाम न धुता. म्हटलं, हेही मळलं पाहिजे.

संक्रांतीला मंडळात मुलांची वक्तृत्व स्पर्धा असायची. विषय ठरलेला: माझा आदर्श. वेळ तीन मिनिटं, मग काकू घंटी वाजवणार. भाषण आधी काकूंना दाखवायचं. मी तेरा वर्षांची, वहीत लिहून नेलं. काकूंनी लाल पेन काढलं.

"बेसबॉलवाला? बरं, चालेल. पण हे बसचं काढ गं. होमरन ठेव. लोकांना प्रेरणा मिळायला हवी."

मी मान हलवली. फार गोड मान हलवली.

स्पर्धेच्या दिवशी आईबरोबर बर्फाच्या पिशव्या मीच उचलल्या. हात बधिर झाले होते. नाव पुकारल्यावर मी स्टेजवर गेले, नमस्कार केला आणि होमरन गाळला. नुसती बस सांगितली. खानावळ, पिशवी, गार सँडविच. तो माणूस मी असा उभा केला की पहिल्या रांगेतले एक काका रुमाल शोधू लागले. बिचारे काळ्या माणसासाठी रडत होते. दूरच्या माणसासाठी रडायला सगळ्यांना आवडतं.

मग मी म्हटलं, "या हॉलमध्ये माझी आई बर्फ आणते. तीन वर्षं. कारण तिच्या हातचं तुम्ही खात नाही."

रुमाल थांबला.

घंटी वाजली. माझं अजून पाऊण मिनिट बाकी होतं. काकू म्हणाल्या, "वेळ संपली. आणि हा गैरसमज आहे, आपल्यात इथे असलं काही नसतं." पुन्हा घंटी. बाबा खाली बघत होते. मी उतरले नाही.

बक्षीस मिळालं नाही. माफी कुणी मागितली नाही. पुढच्या वर्षी आमंत्रणाचा फोनही आला नाही. मी पन्नाशीला आले. त्यानंतर कुणाच्याही घरी बर्फ, कागदी ताटल्या, नॅपकिन नेलेले नाहीत. मी शिजवून नेते. टेबलाच्या मध्यभागी ठेवते आणि झाकण स्वतः काढते. खायचं नसेल त्याने माझ्याकडे बघून नाही म्हणावं. पातेलं मागे सरकणार नाही.

हे बळ त्या खेळाडूने दिलं, असं मी चारचौघांत सांगते. ते अर्धंच खरं. कारण काकूंनी तिसऱ्यांदा घंटी उचलली तेव्हा, त्या हॉलमध्ये "हो का" आणि "नाही हो" यापलीकडे कधी न बोललेली माझी आई मागच्या रांगेत उठून उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी ओरडली:

"घंटी खाली ठेवा, बाई! पोरीचं झालं नाही अजून!"