पहिलं बटण परत टाकलं का?

अकरावी सायन्सचे वर्ग सुरू झाले की पहिल्याच आठवड्यात मी मुलांची एक परीक्षा घेते. मी फिजिक्स शिकवते, पण ही परीक्षा फिजिक्सची नसते. मुलं विचार कसा करतात, एवढंच मला त्यातून बघायचं असतं. दोरीला बांधलेलं वजन झुलतंय. दोरीच्या लांबीचा झोक्यावर काय परिणाम होतो हे बघायला यातले कुठले दोन झोके निवडाल? चार विधानांपैकी कुठलं खरं असूच शकत नाही? पिशवीत हात घातला तर लाल बटण यायची शक्यता किती? प्रत्येक प्रश्नाखाली दोन जागा असतात, एक उत्तरासाठी आणि एक कारणासाठी. दोन्ही बरोबर असलं तर एक मार्क, नाहीतर शून्य. अर्धा मार्क मी देत नाही. दहावीला भरपूर मार्क मिळवलेली मुलंही इथे अडखळतात. त्यांना उत्तर आठवायची सवय असते, ते उत्तर का, हे सांगायची नसते.

मुलांच्या आधी ही परीक्षा माझा नवरा द्यायचा.

तो कॉमर्सचा. गोडदेवला शर्ट शिवायच्या एका युनिटमध्ये सुपरवायझर होता. जूनमधल्या एखाद्या रविवारी, जेवणं होऊन ओटा आवरला की मी डायनिंग टेबलावर त्याच्यासमोर पेपर ठेवायची, हातात पेन्सिल द्यायची आणि गप्प बसायची. मी काही समजावून सांगायचं नाही, हा आमचा नियम. त्याला प्रश्न कळला नाही तर खोट प्रश्नात आहे असं धरायचं.

"मास्तरीणबाई, हा माणूस बटण बघून काढतोय की न बघता?"

"न बघता. ते काय वेगळं सांगायला हवं?"

"मग लिही ना तसं. आमच्याकडे सगळे बघूनच काढतात."

मी निमूट दोन शब्द वाढवायची. त्याची उत्तरं मात्र बहुतेक चुकायची. नाणं उडवलं, चारदा छापा पडला, आता पाचव्यांदा काय, या प्रश्नाला तो दरवर्षी काटा लिहायचा.

"कारण?" मी विचारायची.

"किती वेळा तेच तेच करेल ते? कंटाळा येतो गं."

"नाण्याला कंटाळा येत नाही."

"तू विचारलंयस कधी त्याला?"

मी शून्य द्यायची. तो अर्धा तरी दे म्हणायचा आणि पेपर घेऊन नवघर रोडवरच्या झेरॉक्सवाल्याकडे जायचा. तिथे रांगेत उभा राहूनही पुन्हा वाचायचा आणि फोन करायचा, "सहाव्या प्रश्नात उंदीर किती ते लिहिलंच नाहीयेस." वर्गात मी वापरते ती बटणांची पिशवीही त्यानेच शिवून आणलेली, शर्टाच्या उरलेल्या कापडाची, निळ्या चौकटींची. आत तीन लाल आणि तीन पिवळी बटणं.

मागच्या दिवाळीनंतर त्याचं पोट दुखायला लागलं. आधी गॅस, मग अॅसिडिटी, मग तपासण्या, मग मीरा रोडच्या हॉस्पिटलात मोठ्या डॉक्टरांसमोर आम्ही दोघं. डॉक्टर चांगले होते, घाई करत नव्हते. औषधाचा काही जणांना उपयोग होतो, म्हणाले.

"दहात किती?" याने विचारलं. इतक्या वर्षांत एवढं तरी तो माझ्याकडून शिकला होता.

"आकड्यात नाही सांगता येणार. कमी जणांना होतो."

परत येताना आम्ही रिक्षा केली. फाईल माझ्या मांडीवर होती. कुठला रिपोर्ट कुठल्या खणात लावायचा, याचा मी विचार करत होते. तोच म्हणाला, "उत्तर लिही. मी बरा होणार."

"कारण?"

"कारण जूनमध्ये तुझा पेपर सोडवायचाय."

"हे कारण होत नाही."

"अर्धा मार्क?"

"दिला," मी म्हणाले. तो हसला आणि बाहेर बघत बसला.

एप्रिल संपता संपता तो गेला.

माणूस गेल्यावर करायच्या कामांचीही यादी असते आणि ती करायला मला वेळ लागला नाही. दाखल्याच्या प्रती, बँकेतलं नॉमिनीचं काम, गॅसचं कनेक्शन नावावर करून घेणं, सोसायटीला अर्ज, रेशनकार्डातून नाव कमी करणं. त्याचे शर्ट धुऊन, इस्त्री करून युनिटमधल्या लोकांना दिले. फ्रिजवरच्या कागदावर एकेक टिक होत गेली. शेजारी म्हणाले, किती धीराने घेतलं. मी धीराने घेत नव्हते. पुढचं काम घेत होते. आणि यादीत शेवटी अकरावीची ही परीक्षा होती. ती दरवर्षीसारखी वेळेवर आणि नीट झाली म्हणजे घर चालू आहे, असं मी ठरवून टाकलं होतं. का, ते विचारलं असतं तर मलाही कारणाच्या जागी काही लिहिता आलं नसतं.

वरच्या वर्गातली मुलं खालच्यांना उत्तरं सांगतात, म्हणून मी दरवर्षी एक प्रश्न नवा घालते. या वर्षी बटणांचा जुना प्रश्न काढून हा घातला. पिशवीत तीन लाल, तीन पिवळी बटणं आहेत. न बघता एक काढलं, ते लाल निघालं. आता पुन्हा एक काढलं तर तेही लाल निघण्याची शक्यता किती?

पेपर मुलीला पाठवला. ती बेंगळुरूला नोकरी करते, इंजिनियर आहे. तिचा लगेच मेसेज आला, "आई, मस्त झालाय. बटणांचं दोन पंचमांश ना?" बरोबर होतं. मी पेपर झेरॉक्सला दिला. दुकानदाराने गठ्ठा बांधता बांधता माझ्यामागे पाहिलं आणि गठ्ठा माझ्या हातात दिला. त्याला कळलं असावं.

परीक्षेच्या दिवशी निळी पिशवी टेबलावर ठेवली, पेपर वाटले. वर्ग शांत झाला. मी खिडकीशी उभी राहिले. सगळं दरवर्षीसारखं चाललं होतं. मग दुसऱ्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला.

"मॅडम, पहला बटन वापस डाला क्या?"

मी पेपर उचलून प्रश्न वाचला. पुन्हा वाचला. लिहिलंच नव्हतं. परत टाकलं असेल तर उत्तर निम्मं, टाकलं नसेल तर दोन पंचमांश. माझ्या मुलीला अडचण आली नव्हती, कारण ती हुशार आहे; सुटलेलं वाक्य तिने मनातच भरून घेतलं होतं, माझ्यासारखंच.

मागून एक मुलगा हळूच म्हणाला, "किसी ने पढ़ा नहीं क्या पेपर?" दोघं-तिघं हसले. त्यात वाईट काही नव्हतं. मीही दुसऱ्याच्या पेपरला हेच म्हणाले असते.

नवऱ्याने टेबलावर पेन्सिल आपटत पहिलं हेच विचारलं असतं. परत टाकलं की खिशात घातलं, ते सांग आधी. मी वैतागून म्हणाले असते, खिशात कशाला घालेल कोणी? आणि लिहिलं असतं.

"मॅडम?" मुलगी अजून हात वर करूनच होती.

"नाही," मी म्हणाले. "परत नाही टाकलं."

आवाज नीट आला नसावा. तिने पुन्हा विचारलं, "नहीं डाला?"

मी फळ्याकडे वळले आणि ते वाक्य मोठ्या अक्षरात लिहिलं. लिहून झाल्यावरही थोडा वेळ तशीच फळ्याकडे तोंड करून उभी राहिले. अक्षर सरळ आलंय का ते बघतेय, असं मुलांना वाटलं असेल तर बरं.

पेपर तपासताना त्या प्रश्नापुरता नियम मोडला. मी फळ्यावर लिहायच्या आधीच निम्मं लिहून ज्यांनी बटण परत टाकल्याचं धरलं होतं, त्यांना पूर्ण मार्क. कारण न लिहिता नुसतंच निम्मं लिहिणारा एक मुलगा होता, त्यालाही अर्धा दिला.

पुढच्या वर्षीचा पेपर आत्तापासूनच करायला घेतलाय. बटणांच्या प्रश्नात राहिलेलं वाक्य घातलं. मग त्याच्या खुर्चीत बसून, त्याच्यासारखी शंका काढत सगळा पेपर वाचून पाहिला. शंका येत नाही. मला काय म्हणायचंय, ते मला आधीच माहीत असतं.

फ्रिजवर नवा कागद लावलाय. 'पेपर कोणाकडून तरी सोडवून घेणे' असं त्यावर लिहिलंय. कोणाकडून, त्यासाठी पुढे जागा सोडली आहे. बाकीच्या कामांवर टिक झाली.