नऊ वाजताचा ओके रिपोर्ट

माझी शेवटची पोस्टिंग उत्तरेकडच्या एका उंच पोस्टवर होती. मी हवालदार, सेक्शन कमांडर. हाताखाली दहा जवान. आमच्या वर दोनशे मीटरवर ओपी, म्हणजे टेहळणीची जागा. तिथे दोघे असत. दर तासाला त्यांनी वायरलेसवर ओके रिपोर्ट द्यायचा. "सब ओके, ओव्हर." एवढंच. जास्त बोललं की बॅटरी जाते.

नाईक दत्ता शेलार हा नियम पाळत नसे. साताऱ्याकडचा गडी. प्रत्येक रिपोर्टला शेपूट जोडायचा.

"सब ओके. दाल में आज भी दाल नहीं मिली. ओव्हर."

"शेलार, सेट कशाला दिलाय?"

"बोलायलाच की, साहेब."

दोनदा झापलं त्याला. पण अख्खं सेक्शन त्याच्या रिपोर्टची वाट बघत बसे. खरं सांगायचं तर मीसुद्धा.

तो सुट्टीवरून परतला आणि शेपूट बंद झालं. दहा दिवस नुसतं "सब ओके, ओव्हर." जेवण अर्धं टाकायचा. दहाव्या दिवशी फॉल-इनमध्ये मी सगळ्यांसमोर म्हणालो, "शेलारकडून शिका. याला म्हणतात रेडिओ डिसिप्लिन." तो खाली बघत होता.

अकराव्या दिवशी ०९०० चा रिपोर्ट वेळेवर आला. ०९४० ला त्याचा जोडीदार सेटवर ओरडला. आम्ही चढून पोचलो तेव्हा ०९५५ झाले होते. शेलारनं स्वतःचा जीव घेतला होता. कसा, ते सांगणार नाही. त्याची आई हयात आहे.

कोर्ट ऑफ इन्क्वायरीत कर्नल साहेबांनी विचारलं, "त्याच्या वागण्यात काही बदल दिसला होता?"

"नो सर."

सही केली आणि बाहेर आलो.

निवृत्तीनंतर बडोद्याला आलो. माझी बायको सुनंदा इथल्याच नागरवाड्याची, तिथेच घर केलं. जवळच्या सावली गावाकडच्या एका कारखान्यात सिक्युरिटी सुपरवायझर झालो. दोन वर्षं बरी गेली. मग एका सकाळी उठवेना. ताप नाही, दुखणं नाही. फौजेच्या बावीस वर्षांत एकदाही दाढी न चुकवलेला मी, आठवडाभर खुंट वाढवून पंख्याकडे बघत पडलो. बडोद्यात सगळे विचारतात "केम छो?" आणि सगळे सांगतात "मजामां." हाही ओके रिपोर्टच. मी तो घरातसुद्धा देत होतो.

"काय होतंय तुम्हाला?" सुनंदानं विचारलं.

"सब ओके."

"अहो, मी तुमची कंट्रोल रूम नाही. खरं बोला, नाहीतर रिक्षा बोलावते."

बोललो. शेलारचंही सांगितलं, पहिल्यांदाच. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि रिक्षा तरीही बोलावली.

डॉक्टर म्हणाले, डिप्रेशन. गोळ्या दिल्या, दर पंधरा दिवसांनी बोलायला यायला सांगितलं. हे लपवायचं नाही असं मी ठरवलं. खंडेराव मार्केटात नेहमीच्या भाजीवाल्या काकांनी "केम छो?" म्हटलं तर सांगून टाकलं, "डिप्रेशन छे, काका. दवा चालू छे. रींगणा सारा आपजो." काकांनी तराजू खाली ठेवला. मग हळूच म्हणाले, "मारा भाईने पण छे. कोईने कहेता नथी." वांगी मात्र किडकीच निघाली.

कारखान्याच्या चारही गेटवर माजी सैनिक. तिथेही दर तासाला ओके रिपोर्ट होता. मी त्याला एक शेपूट सक्तीचं केलं. विनोद चालेल, तक्रार चालेल, शिवी नाही. सुरुवात स्वतःपासून केली. "कंट्रोलकडून सब ओके. डिप्रेशनची गोळी घेतली. मेडिकल कॅटेगरी बायको ठरवते. ओव्हर." माणसं आधी बुजली, मग सुटली. गेट तीनचा गोहिल, माजी लान्स नाईक, रोज तिथल्या भटक्या कुत्र्याची खबर द्यायचा. "सब ओके. कुत्ता आज भी बिना पास के अंदर गया. ओव्हर."

गेल्या वर्षी एका मंगळवारी ११०० वाजता तो म्हणाला, "सब ओके, ओव्हर." १२०० ला पुन्हा तेवढंच.

"गोहिल, कुत्ता?"

"सब ओके, सर."

मी सेट टेबलावर ठेवला आणि गेट तीनकडे चालत निघालो. मग पळालो. पन्नाशी आलेली, एक गुडघा कामातून गेलेला. घाबरलो होतो, हे कबूल करतो.

गोहिल खुर्चीत बसला होता. कुत्रं पायाशी. मी शेजारी टेकलो. विचारल्यानं कुणी मरत नाही, असं डॉक्टरांनी मला सांगितलं होतं. म्हणून सरळ विचारलं.

"जीने का मन है कि नहीं?"

तो कुत्र्याचे कान खाजवत राहिला.

"नहीं, सर."

"ठीक है. अकेला नहीं छोडूंगा."

त्याच्या बायकोला फोन केला. १२४० ला आम्ही माझ्याच डॉक्टरांकडे निघालो. रिक्षात तो रडला. मीही रडलो. रिक्षावाल्यानं आरशात बघितलं आणि गाणं बंद केलं.

दीड महिन्यानं गोहिल ड्यूटीवर परतला. पहिला रिपोर्ट ०९०० चा.

"सब ओके. गोली ली. कुत्ता मोटा हो गया है, किसने खिलाया, इन्क्वायरी हो. ओव्हर."

मीच खायला घालत होतो. सांगितलं नाही.

शेलारचं नाव कुठल्याही स्मारकावर नाही. कर्नल साहेबही निवृत्त झाले, कुठे असतात माहीत नाही. त्यांना मी दिलेलं उत्तर चुकीचं होतं. ते इथे दुरुस्त करतो. यस सर, बदल दिसला होता. दहा दिवस नाईक दत्ता शेलारनं एकही विनोद केला नाही, आणि मी त्याला शाबासकी दिली.