डांबरी रस्त्यावर थांबणारी घोडी

दादा गेले, हा निरोप आला तेव्हा मला तो खरा वाटला नाही. म्हणजे मला कोणताच निरोप पहिल्या फटक्यात खरा वाटत नाही. उभी हयात ऑडिटमध्ये गेली. कोणी हसून नमस्कार केला तरी याला आता काय पाहिजे असेल, हेच आधी मनात येतं. शेजाऱ्यांकडे फोन आला होता आणि त्यांची सून धावत सांगायला आली, तर मी तिलाच विचारलं, "नक्की कोण बोलत होतं?" बिचारी ओशाळली. मग चपला घातल्या आणि निघालो. रिक्षात बसूनही वाटत होतं की दादा फाटकात उभे असतील आणि म्हणतील, "काहून गा मधू, एवढ्या उन्हाचा?" … फाटकात दादा नव्हते. ओट्याखाली चपलांचा ढीग पडला होता. तो पाहिला, आणि मग बसायला जागा शोधली.

दादा म्हणजे माझे थोरले भाऊ. आम्ही भिवापूरकडचे, घरची शेती, मिरचीचं रान. त्या रानात वाढलेला मुलगा घोड्यांत कसा गेला, हे आमच्या भावकीला शेवटपर्यंत कळलं नाही. फौजेत भरती झाले, तिथे घोड्यांच्या डेपोत लागले आणि कोरी घोडी स्वारीला तयार करण्याचं काम करत करत पेन्शनीला आले. साठच्या दशकाच्या शेवटी ते नागपूरला परतले. शहरातल्या काही हौशी मंडळींनी तेव्हा सेमिनरी हिल्सच्या बाजूला लहानसा रायडिंग क्लब काढला होता, तिथे दादा उस्ताद म्हणून राहिले. डेपोत असताना त्यांनी वहिनीलाही स्वारी शिकवली होती. नागपूरला आल्यावर सकाळी घोड्यांना फिरवून आणायचं काम, म्हणजे रपेट, दोघं वाटून घेत. सलवार-कमीज घालून, डोक्याला रुमाल बांधून वहिनी घोडीवर बसून निघाली की रस्त्यावरचे सायकलवाले सायकली थांबवून बघत. भावकीत तो विषय अजूनही संपलेला नाही.

दादांचा सगळ्यात कडक नियम घोड्याच्या लघवीचा होता. ऐकायला हसू येतं, पण क्लबात त्यावरून वाद पेटत. घोडं चालता चालता लीद टाकतं, लघवीला मात्र त्याला थांबावं लागतं. मागचे पाय ताणून उभं राहावं लागतं. अशा वेळी स्वाराने रिकिबीत उभं राहून पुढे वाकायचं, म्हणजे घोड्याच्या कमरेवरचा भार हलका होतो. हे सगळं दादाच शिकवत, आणि वर तेच सांगत की खोगीर चढल्यावर थांबायचं नाही म्हणजे नाही. "सकाळी तबेल्यात त्याले तणसाच्या मऊ बिछान्यावर उभं करा, शीळ घाला, वाट पाहा. तिथं झालं की तासभर काही लागत नाही त्याले. रस्त्यावर थांबलं तं समजा, ते तुमाले बनवून राहिलं." ती शीळ लांब, खालच्या सुरातली असे. डेपोत घोड्यांची निगा राखणारे सगळे साईस ती घालत आणि ती ऐकली की घोडी जागच्या जागी पाय ताणून उभी राहत. वहिनीलाही ती अगदी हुबेहूब यायची. बाईमाणसाने शीळ घालावी का, यावर आमच्या आईने आयुष्यातला बराच वेळ घालवला. शिकायला येणारी मुलं विचारायची, उस्ताद, बिचाऱ्याला खरंच लागली असेल तर? दादा म्हणायचे, "खरं अन् खोटं तुले कसं समजन? त्याले समजते. म्हणून थांबायचंच नाही." मला हे फार पटायचं. आमच्या खात्याचाही दृष्टिकोन थोडाफार असाच होता.

मग शकूचं लग्न झालं. शकू म्हणजे दादांची एकुलती मुलगी. कॉलेजात बरोबर शिकणाऱ्या मुलाशी तिने लग्न केलं. मुलगा बौद्ध घरातला, त्याच्या वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतलेली. शिकलेला, सरकारी नोकरीतला, शांत मुलगा. मी त्या लग्नाला गेलो होतो, मागच्या रांगेत बसलो होतो. दादा गेले नाहीत. आरडाओरडाही केला नाही. वहिनीला एवढंच म्हणाले, "ती आपल्या घरी येणार नाही, अन् तुनं तिच्या घरी पाय टाकायचा नाही." झालं. दादांनी एकदा सांगितलं की घोड्यालाही दुसऱ्यांदा सांगावं लागत नसे, तर वहिनी काय बोलणार? त्या घरात शकूचं नाव निघेनासं झालं. वहिनी स्वयंपाकघरात जास्त वेळ राहू लागली आणि दादा तबेल्यात.

जावयाला सरकारी क्वार्टर मिळालं ते नेमकं रपेटीच्या रस्त्यावर. मेंदीचं कुंपण, पलीकडे लहानसं अंगण, अलीकडे डांबरी रस्ता. आता हट्टी माणूस असा रस्ता बदलून टाकतो. टेकडीच्या दुसऱ्या बाजूने मातीची चांगली वाट होती, घोड्यांच्या खुरांनाही बरी. दादांनी रस्ता बदलला नाही. ही गोष्ट माझ्या डोक्यात टोचत राहिली. शकूला मुलगी झाली आणि त्यानंतर काही दिवसांत क्लबात तक्रार आली की मैना रस्त्यात थांबते. मैना म्हणजे वहिनीची नेहमीची घोडी, तांबूस, कपाळावर पांढरा ठिपका, स्वभावाने गरीब. मागून येणाऱ्या मुलांनी पाहिलं होतं की रोज त्या क्वार्टरपाशी मैना उभी राहते, वहिनी रिकिबीत उभी राहून वाकते आणि बराच वेळ तशीच राहते. क्लबाचे प्रमुख देशकरसाहेब जंगलखात्यातून निवृत्त झालेले, शिस्तीचे. त्यांचं म्हणणं, घोडी अडेल झाली, ती आता टांगेवाल्याला देऊन टाकू.

मी एका सकाळी फिरायला म्हणून त्या बाजूला गेलो. फिरायला जाण्याची मला सवय नाही, तेव्हा खोटं कशाला बोलू, तपासायलाच गेलो होतो. एका निंबाच्या झाडाआड उभा राहिलो. मैना आली, कुंपणापाशी वहिनीने ती लांब शीळ घातली आणि घोडी पाय ताणून उभी राहिली. कुंपणापलीकडे शकू होती, कडेवर पोर. वहिनी रिकिबीत उभी राहून कुंपणावरून वाकली. दोघी काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही. पोरीने मात्र हात लांबवून घोडीच्या आयाळीचे केस धरले आणि वहिनी हसली. शकूच्या लग्नानंतर मी तिला हसताना पाहिलंच नव्हतं. मग घोडी पुढे गेली. मी जाऊन रस्ता पाहिला. कोरडा ठणठणीत.

माझा संशय खरा निघाला होता. पण त्यातून दुसरा उभा राहिला आणि तो जास्त मोठा होता. घोडं कडक जमिनीवर लघवी करायला तयार नसतं, पायांवर शिंतोडे उडतात ते त्याला आवडत नाही, त्याला गवत किंवा तणस लागतं. हे मला कोणी सांगितलं होतं? दादांनीच. मग मैना डांबरावर थांबते हे ऐकून दादांना काहीच कसं वाटलं नाही?

क्लबाची मीटिंग झाली. हिशेब पाहायला मला त्यांनी कमिटीत घेतलं होतं, म्हणून मीही होतो. देशकरसाहेबांनी मैनेचा विषय काढला आणि मी हातातलं पेन खाली ठेवलं. घोडी टांग्याला गेली तर वहिनीची रपेट संपली, आणि रपेट संपली तर त्या कुंपणापाशी जायला तिच्याकडे दुसरं निमित्त नव्हतं. दादांनी नुसता नियम म्हणून दाखवला असता, तर सगळं तिथेच मिटलं असतं. दादा खाली बघून म्हणाले, "थांबू द्या तिले. जनावर आहे, लागत असन."

देशकरसाहेब चकित झाले. "उस्ताद, थांबायचं नाही हे तुम्हीच शिकवलंत ना आम्हाला?"

"शिकवलं होतं. आता सांगून राहिलो, थांबू द्या."

उस्तादांपुढे कोण बोलणार. मैना राहिली. मुलं खूश झाली आणि महिनाभर क्लबातलं प्रत्येक घोडं वाटेल तिथे थांबू लागलं. मी मात्र अस्वस्थ होतो. संध्याकाळी तबेल्यात गेलो. दादा खोगिराच्या चामड्याला तेल लावत बसले होते. मी खडा टाकून पाहिला. "दादा, मैना म्हणे डांबरावरच थांबते."

"मंग?"

"नाही, तुमीच सांगतलं होतं, कडक जमिनीवर घोडं करत नाही म्हणून…"

त्यांचा हात थांबला नाही. चामडं आधीच चकचकीत झालं होतं, तरी ते चोळत राहिले. "मधू, तू हपिसात कागद तपास. घोडीच्या मांगं नको लागू."

एवढंच. यातून काय समजायचं? माहीत होतं म्हणावं, तर शकूला घरात का घेत नाहीत? माहीत नव्हतं म्हणावं, तर जन्मभर घोड्यांत राहिलेला माणूस एवढा भोळा कसा? मला त्यांचा राग यायचा, स्पष्टच सांगतो. मी पुष्कळदा त्यांच्याकडेच जेवायला असायचो, तेव्हा समोर बसलेल्या वहिनीकडे ते ज्या कोऱ्या चेहऱ्याने बघायचे, त्या चेहऱ्याचा राग यायचा. वहिनीही तेवढीच कोरी. भाकरी वाढता वाढता म्हणायची, "मैनेनं आजबी वेळ लावला बाप्पा," आणि दादा म्हणायचे, "हं." दोघांच्या मध्ये बसून मी वांग्याची भाजी खायचो. असं जेवण कोणाच्या नशिबी येऊ नये.

पुढे वहिनीची कंबर धरली, डॉक्टरांनी घोड्यावर बसायचं बंद केलं. तिने ते इतकं मनाला लावून घेतलं की दादांनाही दिसत असणार. दुसऱ्या दिवसापासून मैनेची रपेट दादांनी स्वतःकडे घेतली, तोच रस्ता. एकदा जाऊन पाहावं असं फार वाटलं. गेलो नाही. दादा लेकीच्या दारावरून मान न वळवता सरळ निघून जाताना दिसले असते, तर ते मला पाहवलं नसतं. वर्षं गेली. मैना म्हातारी होऊन गेली, क्लब बंद पडला, दादांचे गुडघे गेले. शकूची मुलगी शाळेत जाऊ लागली आणि आजोबांच्या घराचं फाटक तिने आतून एकदाही पाहिलं नाही.

दादा गेले त्या दिवशी शकू आली. तिला कोणी अडवलं नाही, अडवणाराच आत निजलेला होता. तेरवी झाली, पाहुणे गेले आणि दुपारी पुढच्या खोलीत आम्ही तिघंच उरलो. वहिनी, शकू आणि मी. स्टुलावर दादांचा फोटो, हार सुकत आलेला. वहिनी बऱ्याच दिवसांनी जरा मोकळी होऊन बोलत होती. मैनेची गोष्ट निघाली. शीळ घालून घोडीला कशी थांबवायची, क्लबवाल्यांना कसं बनवलं, सगळं तिने रंगवून सांगितलं. मला ही गोष्ट ठाऊक आहे याचा तिला पत्ता नव्हता, आणि मीही तोंडावर काही दिसू दिलं नाही. शेवटी ती म्हणाली, "तुह्या बाबाले मरेस्तोवर पत्ता लागला नाही वं. एवढा घोड्याचा माणूस, पण बायकोनं फसोलं त्याले."

शकू पदराच्या टोकाशी चाळा करत होती. म्हणाली, "आई… बाबाबी थांबत."

"कुठं?"

"तिथंच. आमच्या कुंपणापाशी. तू रपेट सोडल्यावर."

वहिनीने माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे.

"शीळ घालत, मैना उभी राहे," शकू सांगू लागली. "मंग रिकिबीत उभे राहात, वाकून, जसे आपल्याले शिकवत तसेच. तोंड समोर. माह्याकडं कधी पाहिलं नाही. मी पोरीले घेऊन जवळ येऊन उभी राहो. ती आयाळीले हात लावे. बोलणं नाही, काही नाही. मंग लगाम हलवत अन् चालले जात."

"रोज?"

"रोज."

"अन् मले सांगतलं काहून नाही तुनं?"

"मले वाटलं, सांगतलं तं ते थांबाचे बंद होतीन."

माझा संशय जन्मात पुष्कळदा खरा निघाला आहे आणि दर वेळी मला त्याचं समाधानच वाटलं. या वेळी नाही वाटलं. या घरातल्या प्रत्येकाने दुसऱ्यापासून तीच एक गोष्ट लपवली होती आणि मी शहाणा सगळ्यांवर नजर ठेवून गप्प होतो. वहिनीला आता रडू फुटेल असं मला वाटलं. ती रडली नाही. उठली, कंबर धरून स्टुलापर्यंत गेली आणि फोटोसमोर उभी राहून, जन्मात कधी चढवला नव्हता त्या आवाजात बोलली.

"घोडीले थांबू देलं तुमी. लोकायसमोर आपला शब्द मोडला तिच्यासाठी. मंग माह्या पोरीले काहून नाही देलं थांबू? घर कोणाचं होतं हे?"

शकूने उठून तिला धरलं. मी बाहेर ओट्यावर जाऊन बसलो. तिथे तरी काय करणार होतो? आतून दोघींच्या रडण्याचा आवाज येत होता, आणि मला दादांचा राग येत होता आणि त्यांची फार फार आठवण येत होती, दोन्ही एकदमच.

आता शकू दर रविवारी येते, मुलीला घेऊन; मीही तिथे असतो. मुलगी अंगाने उंच झाली आहे, पुढच्या खोलीत दादांच्या पलंगावर पुस्तक घेऊन पडते आणि वहिनी तिला काही म्हणत नाही. संध्याकाळ झाली की शकू पिशवी उचलते. वहिनी दारापर्यंत जाते, दाराच्या मधोमध उभी राहते आणि म्हणते, "थांब वं जराशी, घाई काय हाय?" तेव्हा मी आत कोणाकडेच बघत नाही, पेपर वाचत बसतो.